नात्याचा रकाना

पीएफचा नॉमिनी कोण होऊ शकतो, हे आपण नोकरीच्या पहिल्या दिवशी सह्या ठोकता ठोकता वाचतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरूनही जातो. १९५२च्या ईपीएफ योजनेचा नियम सांगतो की सभासदाला कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा. पुरुष सभासदाचं कुटुंब म्हणजे बायको, मुलं, त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील, आणि वारलेल्या मुलाची बायको व तिची मुलं. बाहेरच्या कुणाचं नाव घातलं तर ते नॉमिनेशन बाद. ग्रॅच्युइटीच्या नियमांतही हेच तत्त्व. म्हणजे एखाद्या पुरुषाने दुसऱ्या पुरुषाबरोबर पंधरा वर्षं संसार केला असेल, आणि गावाकडे आई त्याच्यावर अवलंबून असेल, तर त्याच्या पीएफला जोडीदाराचं नाव लागत नाही. कंपनी कितीही उदार असो, तिचं इथे काही चालत नाही.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत बेनिफिट्स बघते. मेडिक्लेम, पीएफ, ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्स. लोकांना आमच्या खात्याची आठवण होते ती घरात बाळ येणार असलं की, नाहीतर कुणी आयसीयूत असलं की. त्यामुळे एलजीबीटी कर्मचाऱ्यांच्या गटांबद्दल ऑफिसात जे काही बोललं जातं ते मी फॉर्मच्या बाजूने ऐकते. जूनमध्ये, म्हणजे प्राइडच्या महिन्यात, कॅफेटेरियात इंद्रधनुष्य लागतं, केक कापला जातो, लिंक्डइनवर फोटो जातात. माझ्या डोक्यात तेव्हा एकच: पोर्टलवर ‘नातं’ नावाचा जो रकाना आहे, त्यात यंदा काय काय निवडता येणार?

असा गट असावा की नसावा, यावर आमच्याकडे माणशी एक मत आहे, आणि बरीचशी मतं मला पटतात. अडचण तीच आहे.

सगळ्यात जुनं मत आमच्या एका सरांचं. भोसरीच्या कारखान्यात पर्सोनेलमध्ये उमेदवारी केलेले, तीन शिफ्टचे मस्टर हाताने तपासलेले, युनियनच्या पुढाऱ्यांसोबत टेबलावर मुठी आपटलेले. आयटीत आले ते पन्नाशीला टेकल्यावर. त्यांचं म्हणणं, “अगं, माणूस कामाला येतो. त्याचं काम बघ. घरचं घरी.” यात द्वेष नव्हता. कारखान्यात ते असंच वागले असणार, आणि त्यांच्या हाताखालच्या कित्येकांना त्याने बरंही वाटलं असणार.

पण आमच्या ऑफिसात घर नसतं कुठे? लग्नपत्रिका पहिली गणपतीपुढे आणि दुसरी मॅनेजरपुढे. मुलगी झाली की पेढे, सॉरी, बर्फी, आणि बर्फीच का म्हणून एक छोटा वाद. डोहाळजेवण कॉन्फरन्स रूम बुक करून होतं. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग मेलवर येतात. तिशीला आलेला मुलगा अविवाहित असला की त्याला दर सोमवारी कुणीतरी विचारतंच, “मग, लाडू कधी?” त्याने दर सोमवारी हसून वेळ मारून न्यायची. ‘घरचं घरी’ हा नियम आम्ही सगळ्यांना लावलाच, तर दिवसातला निम्मा वेळ बोलायला विषय उरणार नाही.

आणि ज्याने खरोखर घरचं घरी ठेवलं, त्याचं काय झालं, हेही आपल्याला माहीत आहे. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपुरात शिकलेले, मराठीचे प्राध्यापक, कवी. ‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. आयुष्याची वीसेक वर्षं त्यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवण्यात घालवली, आधुनिक भारतीय भाषांच्या विभागाचे ते प्रमुख होते. फेब्रुवारी २०१०मध्ये एका रात्री कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली. सिरस आपल्या खोलीत, आपल्या पसंतीच्या माणसाबरोबर होते. विद्यापीठाने निलंबित केलं त्यांना. घरात घुसणाऱ्यांचा विचार नंतर. निवृत्ती काही महिन्यांवर आलेली. तेव्हा २ जुलै २००९चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागू होता, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खाली, प्रौढांच्या संमतीने झालेला तो संबंध गुन्हाही नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मराठी शिकवत होता? अलीगढला?” बाकी काही बोलले नाहीत. पण मत बदललं नाही त्यांचं. दुसऱ्या दिवशी चहाला भेटले ते नवीन मुद्दा घेऊनच: “मला एक सांग, युनियन काढायची म्हटलं की तुमच्या कंपनीला घाम फुटतो. मग हा गट कसा चालतो? कारण हा गट कंपनीने दिलाय. दिलेलं काढूनही घेता येतं.”

हा मुद्दा मला आजही चावतो. कारण इतिहास त्यांच्या बाजूचा आहे आणि नाहीही. अमेरिकेत १९७०च्या दशकात कूर्स बिअरविरुद्ध बहिष्कार चालला, तो ट्रकचालकांच्या युनियनने आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या समलिंगी वस्तीने, तिचा पुढारी हार्वी मिल्क याच्यासकट, हातात हात घालून चालवला. त्या कंपनीत नोकरीला लागताना लाय डिटेक्टर लावत, आणि त्यात माणसाच्या खासगी आयुष्याबद्दलही विचारत, अशी तक्रार होती. ब्रिटनमध्ये १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपाला लंडनच्या समलिंगी मंडळींनी डबे फिरवून पैसे जमवून दिले, आणि पुढच्या प्राइड मोर्चाला खाणकामगार आपले बॅनर घेऊन आले. सरांना हे ऐकून फार आनंद झाला. “बघ! हे खरं. केक कापून काय होतं?”

दुसरीकडे, कंपन्यांतले गटही काही केक कापायला निघाले नव्हते. कर्मचारी-गट ही कल्पनाच झेरॉक्समधल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी १९७०च्या सुमारास रुजवली. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये समलिंगी कर्मचारी १९७८मध्ये एकत्र आले. लोटस या सॉफ्टवेअर कंपनीने १९९१मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना आरोग्यविम्यात घेतलं, ते कर्मचाऱ्यांनी मागणी लावून धरल्यामुळे. काळ एड्सचा होता. तिकडे विमा नोकरीला बांधलेला. नोकरीवाल्याचा जोडीदार आजारी पडला आणि कागदावर ‘कुणीच नाही’ निघाला, तर बिल भरता भरता माणूस रस्त्यावर यायचा. थोडक्यात, हे गट माझ्याच खात्यात जन्माला आले. पताका नंतर लागल्या.

आपल्याकडे ही पद्धत आयात झाली, आणि आयात मालाबरोबर आधी पताकाच येतात. तरी इन्फोसिसने असा गट २०११मध्येच सुरू केला होता, हे मला विशेष वाटतं. डिसेंबर २०१३मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीचा निकाल उलटवला. त्यानंतर ६ सप्टेंबर २०१८ला कोर्टाने स्वतःच तो फिरवेपर्यंत देशात विचित्र स्थिती होती: दंडसंहितेच्या लेखी जो गुन्हेगार, त्याच्यासाठी बेंगळुरूच्या कॅम्पसमध्ये अधिकृत गट. त्या काळात एचआरमधल्या माणसांनी ते कसं निभावलं असेल, याचा मी व्यावसायिक कुतूहलाने विचार करते. २०१८नंतर मात्र सगळेच धाडसी झाले. आम्हीही त्यातलेच.

आमच्याकडे पहिली खरी गोष्ट घडली ती मेडिक्लेमच्या रिन्यूअलला. पीएफचा नियम सरकारचा, पण ग्रुप मेडिक्लेममध्ये कोणाला घ्यायचं हे कंपनी आणि विमा कंपनीच्या करारावर ठरतं. इथे जागा होती. गटातल्या एका मुलीने, नांदेडची, बोलायला एकदम रोखठोक, बैठकीत विचारलं, “पोस्टरचं बजेट किती आणि पार्टनर कव्हरला प्रीमियम किती वाढेल, हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवाल का?” दाखवले. पार्टनर कव्हर झालं. टाटा स्टीलने २०१९मध्येच जोडीदारांना सवलती लागू केल्या होत्या, अॅक्सिस बँकेने सप्टेंबर २०२१मध्ये कर्मचाऱ्यांना तर घेतलंच, ग्राहकांनाही समलिंगी जोडीदाराबरोबर जॉइंट खातं उघडता येईल असं जाहीर केलं. अशी उदाहरणं व्यवस्थापनापुढे ठेवली की काम लवकर होतं. शेजाऱ्याने केलं म्हटल्यावर कुणाला मागे राहायचं नसतं.

मग विमा कंपनीला पुरावा हवा झाला. लग्नाचा दाखला येणार कुठून? १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार देऊन चेंडू संसदेकडे टोलवला. बरीच मेलामेली झाल्यावर तडजोड ठरली: कर्मचाऱ्याचं स्वतःचं निवेदन, आणि दोघांची नावं असलेला लिव्ह अँड लायसन्स करार. अकरा महिन्यांचा, रजिस्टर केलेला. ज्याने वाकड-ताथवड्यात भाड्याने घर शोधलंय त्याला यातली गंमत कळेल. सोसायटीत ‘बॅचलर नकोत’ची पाटी. त्यामुळे घरमालकाला सांगितलेलं असतं की आम्ही मावसभाऊ. तोच करार माझ्या टेबलावर आला की तो आम्ही जोडपं असल्याचा पुरावा. एकाच कागदाने दोन ठिकाणी दोन नाती सिद्ध करायची.

आणि मग कुरिअर. ई-कार्डं तर येतातच, पण त्या वर्षी विमा कंपनीने हौसेने छापील कार्डंही धाडली, आणि पत्ते उचलले ते आमच्या डेटातल्या ‘कायमचा पत्ता’ या रकान्यातून. पुण्यात राहणाऱ्या निम्म्या लोकांचा कायमचा पत्ता गावचा असतो. एका मुलाचा मला फोन आला. आवाज असा की आधी वाटलं घरात कुणी गेलं. त्याच्या कार्डाचं पाकीट बार्शीला निघालं होतं. आत दोन कार्डं, एकावर त्याचं नाव, दुसऱ्यावर जोडीदाराचं, खाली नातं छापलेलं. बार्शीच्या घरी पाकीट वडील फोडतात, कुणाचंही असो.

ती अख्खी दुपार मी फोनवर होते. टीपीएने, म्हणजे विम्याचं कामकाज बघणाऱ्या मधल्या कंपनीने, कुरिअरचा नंबर दिला, कुरिअरने सोलापूरच्या हबचा, हबवाल्याने सांगितलं की गाडी सकाळी सुटेल. पत्ता चुकीचा आहे, परत पाठवा, असं पाठवणाऱ्याकडून मेलवर हवं होतं. पाठवणारी विमा कंपनी, तिच्या मुंबईच्या ऑफिसात त्या टेबलाचा माणूस रजेवर. संध्याकाळी कुणा भल्या बाईने मेल टाकला आणि पाकीट आलं परत. पुढच्या वर्षीपासून छापील कार्डं बंद, आणि पोर्टलवर ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ हा वेगळा रकाना.

तो मुलगा गटाचा सभासद नव्हता. आजही नाही. कँटीनमध्ये त्याला विचारलं, का नाही रे? म्हणाला, “मॅडम, मागच्या कंपनीत होतो. दर जूनला मला माझी गोष्ट सांगायला स्टेजवर उभं करायचे. अप्रेझलला मात्र कुणी विचारत नव्हतं. आणि स्टेजवरचा फोटो कुठून कुठे जाईल याचा भरवसा काय?” टेस्टिंगमधला चांगला मुलगा, बग असा शोधतो की डेव्हलपर रडकुंडीला येतात. त्याला त्यासाठी ओळखलं जावंसं वाटतं. यात न समजण्यासारखं काय आहे?

म्हणूनच गटाची पटसंख्या दाखवून कुणी मला ‘एवढ्याशा लोकांसाठी एवढा खटाटोप’ म्हणालं की मी त्यांना बार्शीच्या पाकिटाची गोष्ट सांगते, नावगाव बदलून. (इथेही बदललंय.) ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यातले बरेच त्या यादीत कधीच दिसणार नाहीत. नांदेडच्या त्या मुलीला हे मी न सांगता कळलं. तिने गटाच्या बैठकीत केकचा विषय बाजूला सारला आणि एक वेगळीच यादी काढली: पोर्टलवर कर्मचाऱ्याच्या विम्यातली नाती मॅनेजरला दिसतात का? पे-स्लिपवर पार्टनर प्रीमियमची कपात वेगळी छापते का? अनेकजण पे-स्लिप घरी पाठवतात, गृहकर्जासाठी, बहिणीच्या लग्नाच्या हिशेबासाठी. मी या खात्यात केस पांढरे केले, पण पे-स्लिपकडे या नजरेने पाहिलं नव्हतं कधी. गट असण्याचं मला सापडलेलं सगळ्यात सबळ कारण हे.

व्यवस्थापनाचं कारण वेगळं. त्यांच्या स्लाइडवर विविधतेमुळे नफा वाढतो असं असतं, खाली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचा हवाला. २०२४मध्ये ग्रीन आणि हँड या दोन अभ्यासकांनी ते निष्कर्ष अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांवर ताडून पाहिले तर तसे आले नाहीत. येवोत न येवोत. विम्यात आई-वडिलांना घेतल्याने नफा किती टक्के वाढला, असं आम्ही कधी विचारतो का?

सक्तीच्या ट्रेनिंगबद्दल मात्र मी विरोधकांच्या बाजूची. वर्षातून एकदा व्हिडिओ, शेवटी प्रश्न, ऐंशी टक्के मिळाल्याशिवाय सुटका नाही. आमच्या पेरोलमधला एक गृहस्थ, नित्य अग्निहोत्र करणारा, मला म्हणाला, “मी कुणाला कधी वाकडं बोललो का? मग मला परीक्षा कशाला? आणि मला मनातून पटत नाही, तर बरोबर उत्तरावर टिक करून मी खोटं बोलू का?” याच माणसाने तीच पार्टनर कव्हरची कपात पे-स्लिपवर ‘इन्शुरन्स’ या एकाच ओळीत मिसळून टाकायचं काम, सांगितल्यावर, एका संध्याकाळी बसून केलं. कारण विचारलं नाही. डॉबिन आणि कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शेकडो कंपन्यांची वर्षानुवर्षांची आकडेवारी तपासून लिहिलंय की सक्तीची शिबिरं बऱ्याचदा उलटतात. आमच्या पेरोलकडे बघून मला ते आश्चर्याचं वाटत नाही. त्याच्या मताशी मला घेणंदेणं नाही. त्याने काम चोख केलं, आणि तोंड बंद ठेवलं. ऑफिसात एवढं पुष्कळ होतं.

सगळ्यात अवघड मत मात्र माझ्या शेजारच्या खोलीतल्या एका सहकाऱ्याचं आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून शिकून आलेला, कॉम्प्लायन्समध्ये. तो म्हणाला, “रिसेप्शनला गणपती बसतो. कॅफेटेरियात इंद्रधनुष्य लागतं. १४ एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो ठेवू म्हटलं तर उत्तर आलं, ऑफिसात पॉलिटिकल काही नको.” त्याने ‘त्यांचं काढा’ म्हटलं नाही. ‘आमचं कुठाय’ विचारलं. हेडऑफिस अमेरिकेत, तिथून जे गट ठरून आले तेच इथे लागले, आणि तिकडच्या यादीत जात नव्हती. आता तिकडेही ती पोचली आहे. २०२०मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्कोविरुद्ध जातिभेदाचा दावा लावला, फेब्रुवारी २०२३मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने तसाच कायदा नामंजूर केला. तिकडे निदान भांडण तरी चालू आहे. हिंजवडीत या विषयावर आडनावं चाचपण्यापलीकडे काही होत नाही. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला वाटतं आमच्या एचआर हेडकडेही नाही. असतं तर एव्हाना मेल आला असता.

सरांचं ‘दिलेलं काढून घेता येतं’ खरं ठरायला फार काळ लागला नाही. २०२४च्या मध्यापासून अमेरिकेत एकेक कंपनी असल्या विविधतेच्या कार्यक्रमांतून मागे सरकू लागली: ट्रॅक्टर सप्लाय, हार्ली-डेव्हिडसन, फोर्ड, वर्ष संपता संपता वॉलमार्ट. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी शपथ घेतल्या घेतल्या सरकारी खात्यांतले असे कार्यक्रम बंद करायचे आणि सरकारी कंत्राटदारांनाही त्यात ओढायचे आदेश काढले. मेटाने तर शपथविधीचीही वाट पाहिली नाही. कॉस्टकोच्या भागधारकांनी त्याच महिन्यात असे कार्यक्रम सोडण्याच्या दिशेने आणलेला ठराव ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला, पण असे अपवाद थोडे. आमच्या वेबसाइटवरचं ते पान एका शनिवार-रविवारात बदललं. जूनमध्ये कॅफेटेरिया कोरा. मेल आला नाही, कारण आला नाही, आणि विचारणाऱ्याला ‘फोकस बदललाय’ असं सांगायचं ठरलं.

सर मला म्हणाले, “सांगितलं नव्हतं?” मी त्यांना पोर्टल उघडून दाखवलं. रकाना जागेवर होता. इथल्या विमा कंपनीशी झालेला करार, त्यातलं कलम, प्रीमियमची तरतूद, सगळं तसंच. पताका काढायला एक फोन पुरतो. कलम काढायचं तर रिन्यूअलच्या वेळी कुणाला तरी लेखी मागावं लागतं, आणि लेखी मागायला सहसा कुणी धजत नाही. भारत सरकारनेही ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. बँकेत निदान तेवढं झालंय. पीएफचा नियम आहे तिथेच.

सर आता निवृत्त झालेत. जाताना त्यांनीच मला शेवटचा प्रश्न घातला, आणि तोच सध्या डोक्यात घोळतोय: “तुमच्या त्या गटात मावशी येतात का? गेटवरचा सिक्युरिटी येतो का?”

येत नाहीत. आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या गळ्यात निळा पट्टा, कंत्राटी लोकांच्या गळ्यात करडा. करड्या पट्ट्याला मेडिक्लेम नाही. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आणि ईएसआयच्या नियमांतही कुटुंबाची व्याख्या जुनीच. गटाचं मेल करड्या पट्ट्याला जात नाही, कारण त्यांना कंपनीचा मेल आयडीच नसतो. इंद्रधनुष्याचे फुगे लावायला आणि दुसऱ्या दिवशी ते झाडून काढायला तेच असतात. आणि हिंजवडीच्या सिग्नलला ज्या तृतीयपंथी मुली टाळी वाजवत आमच्या बसच्या खिडकीशी येतात, त्यांच्यातल्या एखादीला आमच्या इमारतीत नोकरी लागलीच, तर ती या करड्या पट्ट्यानेच आत येईल.

हे कल्पनेतलं बोलत नाही मी. शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. ज्या पालिकेला आम्ही आयटीवाले पाण्यावरून आणि खड्ड्यांवरून नावं ठेवतो, तिने हे आमच्या आधी करून दाखवलं. त्याआधी २०१७मध्ये कोची मेट्रोने वीसहून जास्त तृतीयपंथी माणसांना नोकरी दिली. देशभर कौतुक झालं. आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या आठ जणी काम सोडून गेल्या, कारण शहरात त्यांना परवडेल असं घर भाड्याने द्यायला कुणी तयार नव्हतं. वाकडच्या मावसभावांपेक्षा वाईट. त्यांना कुणी काही खोटं सांगूनही घर देत नाही.

२०१९च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्याने नोकरीत भेदभावाला मनाई केली आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. आमच्या अधिकाऱ्याचं नाव लिफ्टशेजारी, फायर एक्झिटच्या नकाशाखाली लावलंय. ऑक्टोबर २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने जेन कौशिक या शिक्षिकेला, तृतीयपंथी म्हणून शाळांतल्या नोकऱ्या गमावल्याबद्दल, नुकसानभरपाई द्यायला लावली. तो निकाल आमच्या कॉम्प्लायन्सवाल्या मित्राने छापून त्या नकाशाशेजारी लावायची परवानगी मागितली आहे. बघू, तो पॉलिटिकल ठरतो का.

मी आणि नांदेडची मुलगी, दोघींनी मिळून लीगलला मेल केला: गट कंत्राटी लोकांना खुला करावा, निदान हेल्पलाइन आणि तक्रारीचा मार्ग तरी. उत्तर लवकर आलं, म्हणजे ते आधीच तयार असणार. कंत्राटी कामगारांना कंपनीच्या कर्मचारी-उपक्रमांत सामील केलं, तर उद्या ते ‘आम्ही याच कंपनीचे कर्मचारी’ असा दावा लावू शकतात. सबब विनंती मान्य करता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यांचं चुकीचं नाही. कंत्राटी कामगारांचे असे दावे कोर्टात चालतात, मलाही माहीत आहे.

मी सरांना फोन लावला. ते फोनवर एवढे हसले की मागून बाईंनी विचारलेलं मला ऐकू आलं, काय झालं म्हणून. “आता आलीस मुद्द्यावर,” म्हणाले. “लिही, उलट लिही. दावा लावतील म्हणून घाबरताय ना, मग एजन्सीच्या करारातच घाला. एजन्सीने तक्रार अधिकारी नेमावा, एजन्सीने भेदभाव करू नये, केला तर बिल अडवू. पुढचं टेंडर कधी आहे?”

टेंडर मार्चमध्ये आहे. कलमाचा मसुदा त्यांनीच करून पाठवलाय, टाइप करून, कारखान्याच्या जुन्या भाषेत, ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’सकट. त्यातले तीन शब्द मी बदललेत. बाकी तसंच पुढे पाठवणार आहे.